लाडाच्या नावाचा पासवर्ड

माझ्या वडिलांनी लहानपणी मला एक लाडाचं नाव ठेवलं होतं. त्यांच्याशिवाय ते कुणी घेत नसे, आईसुद्धा नाही. वडील गेले आणि ते नावही बंद पडलं. पुढे मी शिक्षिका झाले आणि शाळेच्या कामासाठी ईमेल काढणं सक्तीचं झालं, तेव्हा पासवर्ड काय ठेवायचा या प्रश्नावर मला तेच सुचलं. त्याच्यापुढे लेकीच्या जन्माचं साल जोडलं. जगात कुणाला हे कळणार, असं वाटलं होतं.

मग तोच पासवर्ड सगळीकडे गेला. गॅसचं बुकिंग, वीजबिल, एसटीचं आरक्षण, शिक्षकांचं पोर्टल, एका सेलच्या वेळी साड्या मागवल्या होत्या ती वेबसाइट. रोज कुठे ना कुठे ते नाव टाईप व्हायचं. कुणी मोठ्याने हाक मारत नव्हतं, पण बोटांखालून ते रोज एकदा जायचं आणि मला बरं वाटायचं.

मी पोलादपूरला हायस्कुलात शिकवते आणि राहते महाडला. नवरा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत आहे. मुलगी एकुलती एक, पुण्यात हॉस्टेलला राहून फार्मसी शिकते. आई दासगावच्या अलीकडे आमच्या वाडीत, विहारामागच्या घरात एकटी राहते. वर्षं उलटत गेली तसा माझ्या त्या ईमेलमध्ये आमचा सगळा संसार जमा झाला होता. मुलीच्या प्रवेशाचे कागद, आधार कार्डं, शाळेचे आदेश आणि वडिलांचे फोटो. फोटोंचं विशेष सांगायला हवं. ज्या वर्षी महाडात पाणी चढलं त्या वर्षी आमच्या घरातले अल्बम गेले. चिखल काढताना पानं हातात आली ती कोरी, रंग वाहून गेलेली. नंतर मुंबईच्या भावाने त्याच्याकडचे जुने फोटो मोबाइलवर काढून मला मेलने पाठवले. वडील गावच्या नदीकाठी, वडील गिरणीतल्या मित्रांबरोबर, वडिलांच्या मांडीवर मी. भावाचा तो मोबाइल पुढे हरवला आणि मूळ फोटोही घर बदलताना गेले. म्हणजे वडील आता उरले होते ते फक्त त्यांनीच ठेवलेल्या नावामागे.

त्या पावसाळ्यानंतर आम्हा शिक्षकांना शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम लागलं. माझ्या वाट्याला घाटातल्या वाड्या आल्या. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे रस्ता चढायला लागला की थोड्या वेळात फोनची रेंज जाते, ती परत खाली उतरेपर्यंत येत नाही. आदेश मेलवर आला होता. त्यात वाड्यांची नावं, वार, कुणाबरोबर जायचं ते, सगळं होतं. शनिवारची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी शिक्षिका जीपने वर गेलो.

साधारण त्याच सुमाराला पुण्यात माझ्या मुलीला फोन आला.

तिने ते बोलणं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मीच तो फोन घेतला होता असं कधी कधी वाटतं. बोलणारा पुरुष होता. शांत आवाज, स्वच्छ मराठी. त्याने तिला घरच्या नावाने हाक मारली.

"घाबरू नकोस बाळा. मी हॉस्पिटलमधून बोलतोय. तुझी आई शिक्षिका आहे ना पोलादपूरला? सर्वेक्षणाला गेली होती ना आज?"

"हो. काय झालं?"

"जीप घाटात खाली गेली आहे. आई बोलू शकत नाही, पण शुद्धीत आहे. पुढच्या हॉस्पिटलला हलवायचं तर नातेवाइकाची संमती लागते. तुझ्या मोबाइलवर आत्ता एक नंबर येईल, तो मला वाचून दाखव. वेळ घालवू नकोस."

आमच्याकडच्या माणसाला घाटात गाडी खाली गेली म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. नंबर आला. तिने तो वाचून दाखवला. समोरच्याने "शाब्बास" म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्या ईमेलला अडचणीच्या वेळेसाठी तिचा मोबाइल नंबर जोडलेला होता. तो तिनेच जोडून दिला होता, माझा मोबाइल सारखा बिघडायचा म्हणून. तिने वाचून दाखवला तो नंबर म्हणजे माझ्या घराचा दरवाजा आतून उघडण्यासारखं होतं, पण त्या घटकेला तिला त्यातलं काही सुचणं शक्य नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे दरी होती.

तिने मला फोन लावला. बंद. तिच्या बाबांना लावला. त्यांच्या कंपनीत आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर ठेवून जावा लागतो. शाळेचा फोन वाजून वाजून थांबला. ज्या नंबरवरून फोन आला होता तो लागेना. शेवटी तिने आजीला लावला.

माझी आई सत्तरी ओलांडलेली. बटणांचा फोन वापरते, तोही फक्त उचलायला. नातीचं रडणं ऐकून तिने एवढंच विचारलं, "खंयच्या दवाखान्यात?" हॉस्पिटलचं नाव तर त्या माणसाने सांगितलंच नव्हतं. आई नेसत्या लुगड्यानिशी हायवेवर आली, मिळेल त्या रिक्षात बसली आणि महाडच्या सरकारी दवाखान्यात जाऊन उभी राहिली.

मुलगी इकडे पुण्याहून बसमध्ये बसली होती.

आणि मी त्या वेळी वरच्या वाडीत एका पडवीत बसून कोरा चहा पीत होते. हवा स्वच्छ होती. एका घरातली मुलगी तिसरीनंतर शाळेत गेली नव्हती, तिच्या आजोबांना मी समजावत होते आणि ते माझं ऐकत होते. दिवस चांगला गेला, असं मी बरोबरच्या बाईंना म्हणालेही.

घाट उतरताना पोलादपूरच्या वर एका वळणाला फोन पर्समध्ये थरथरायला लागला. थांबेचना. काढून बघितलं तर मुलीचे मिस्ड कॉल, एकाखाली एक. मग नवऱ्याचे. आईच्या नंबरवरून एक. माझी आई स्वतःहून कधीच फोन लावत नाही. कुणीतरी गेलं, हेच पहिलं मनात आलं. कोण गेलं असेल याचा अंदाज करायला मी लागले होते, एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बाजूला ठेवत होते. मग मी मुलीचा नंबर दाबला.

तिने उचलला. मी म्हटलं, "काय झालं गं?"

पलीकडून बसचा आवाज येत होता.

"अगं बोल ना. काय झालं?"

"तू कोण बोलतेस?" तिने विचारलं.

"मी कोण म्हणजे? आई."

"तू खरंच आई आहेस का?"

तो प्रश्न तिने रागाने नाही, जपून विचारला, जसं अंधारात पाय टाकण्याआधी माणूस चाचपतो. मला वाटलं तिला काहीतरी झालंय, ताप चढलाय, डोकं फिरलंय. मी तिच्या नावाने हाक मारली. ती म्हणाली, "नाव सगळ्यांना माहितेय. मागच्या वेळी मी निघाले तेव्हा माझ्या बॅगेत तू काय भरलं होतंस ते सांग."

"सुकटीची चटणी," मी म्हटलं. "दोन पिशव्यांत बांधून. मेसमध्ये वास सुटू नये म्हणून."

मग ती रडायला लागली. बसमधल्या कुणी बाईने तिच्या हातातून फोन घेतला आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही ठीक आहात ना? मग झालं तर. पोरगी पार गळून गेली आहे."

महाडला पोचले ती सरळ दवाखान्यात. आई अपघात विभागाच्या दारातल्या बाकावर बसली होती. येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी ती जाऊन बघत होती, असं तिथल्या शिपायाने सांगितलं. मला बघून ती उठली नाही. मी जवळ गेले तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले, कोपरापर्यंत चाचपले, मग गुडघ्यांना हात लावून बघितला.

"हाडा सगली हायत ना गो?"

"आहेत आई. मला काही झालं नाही. कुणीतरी खोटं सांगितलं."

"कोन त्यो?"

"माहीत नाही."

"आनि त्याला आपली म्हायती कशी?"

सर्वेक्षणाचा आदेश मेलवर आला होता, ते मला आठवलं. दवाखान्याच्या दारात उभ्या उभ्या मी मोबाइलवर मेल उघडायला गेले तर पासवर्ड चुकीचा आहे म्हणाला. वडिलांचं नाव मी पुन्हा टाईप केलं, एकेक अक्षर बघून. चुकीचा आहे. पासवर्ड थोड्या वेळापूर्वी बदलण्यात आला आहे.

घरी मुलगी आली, नवरा आला, आईला आम्ही परत जाऊ दिलं नाही. चौघंही एका खोलीत बसलो होतो आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. नवऱ्याने दाराची कडी दोनदा बघितली. मला ते कळत होतं. माणूस दारातून आलाच नव्हता, तरी कडीच बघावीशी वाटत होती. दुसरा उपायच माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. बँकेला कळवून खातं तात्पुरतं बंद करायला लावलं, त्यामुळे तिथे काही गेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हा पासवर्ड अजून कुठे वापरला होता?"

"सगळीकडे," मी म्हटलं.

"सगळीकडे म्हणजे?"

मी आठवेल तसं सांगत गेले. साड्यांच्या वेबसाइटवर त्यांनी मान हलवली. "अशा एखाद्या ठिकाणाहून याद्या चोरीला जातात मॅडम. मेल आणि पासवर्ड दोन्ही. मग ही माणसं तीच जोडी बाकीच्या ठिकाणी लावून बघत बसतात. तुमच्या मेलला लागली. तो कधीपासून वाचत असेल, सांगता येत नाही. पासवर्ड बदलून तुम्हाला बाहेर काढायला मात्र त्याला मुलीच्या मोबाइलवरचा तो नंबर हवा होता."

मला आठवलं. काही महिन्यांपूर्वी मोबाइलवर आलं होतं की तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून कुणी शिरलं आहे. अशा लिंकवर बोट लावू नका, ती फसवणूक असते, असं आम्हाला शाळेतल्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. म्हणून मी ते पुसून टाकलं होतं.

मेलचं खातं परत मिळालं ते पोलादपूरच्या शाळेतल्या कॉम्प्युटरमुळे. स्टाफरूममधल्या त्या जुन्या यंत्रावर मी वर्षानुवर्षं मेल उघडत आले होते, त्यामुळे मीच मालकीण आहे हे मेलच्या कंपनीला तिथून पटवता आलं. मुलगी माझ्याबरोबर शाळेत आली. अर्ज केला, वाट बघितली, पुन्हा केला. ते दिवस वाईट गेले. वर्गात शिकवताना मधेच मनात यायचं की या क्षणी तो वडिलांचे फोटो बघत असेल. की पुसत असेल. दोन्हींतलं वाईट कोणतं ते ठरवता येत नव्हतं. दुपारी घंटा झाली की मी जिना उतरायच्या ऐवजी स्टाफरूमकडे धावायचे.

एका दुपारी मेल उघडला. आधी फोटो बघितले. होते. सगळे होते. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि मुलीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तिने पडद्यावर कुठेतरी दाबून एक पान काढलं आणि तिचा हात थांबला.

मेलमध्ये काय काय शोधलं गेलं त्याची ती नोंद होती. आधार. बँक. पगार. नंतर माझ्या शाळेचं नाव. आणि मग मुलीचं नाव, तिच्या कॉलेजचं नाव, हॉस्टेल. पुन्हा तिचं नाव. आमची घरातली हाक मी कधीतरी तिच्या वाढदिवसाच्या मेलमध्ये लिहिली होती, ती त्याला तिथे सापडली असणार. कुणीतरी खुर्ची ओढून बसला होता, चष्मा वगैरे लावून, आणि माझं घर वाचत होता. आम्ही कुणाला कशी हाक मारतो, कोण कुठे राहतं, कोण कधी कुणाच्या हाताशी नसतं. घाई त्याला नव्हती. घाटातला दिवस त्याने निवडून घेतला होता.

मुलीने ते पान बंद केलं. "आई, आता सगळे पासवर्ड बदलायचे. सगळे म्हणजे सगळे. आणि पासवर्ड मॅनेजर घ्यायचा."

त्याबद्दल ती पूर्वीही बोलली होती. एक ॲप असतं. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा, लांबलचक, कुणाच्याही तोंडी बसणार नाही असा पासवर्ड ते स्वतः तयार करतं आणि कुलपात ठेवतं. आपण लक्षात ठेवायचं ते फक्त त्या कुलपाचं. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नव्हतं, पण भीती तितकीच वाटत होती.

"सगळं एकाच जागी ठेवायचं?" मी विचारलं. "ते फोडलं कुणी तर?"

"आत्ताही एकाच जागी होतं," ती म्हणाली. "फक्त कुलूप नव्हतं."

"आणि मी विसरले तर?"

"मग मात्र गेलं. ते कंपनीलाही उघडता येत नाही."

घरी हे ऐकून नवरा म्हणाला, "मग हे कसलं सुरक्षित? चोरापासून वाचायचं आणि आपणच बाहेर राहायचं." मला त्याचं म्हणणं पटत होतं. तरी महाडच्या घरात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही मायलेकी रोज सकाळी जेवणाआधी बसायला लागलो.

पहिलं काम कुलपाचे शब्द निवडणं. मी म्हटलं, आजोबांच्या नदीवरून काहीतरी ठेवू. ती नाही म्हणाली. आमच्या वाडीचं काही? नाही. मग तिने समजुतीने सांगितलं, "आई, तुला जे आवडतं ते सगळं त्याने वाचलंय. जे आपलं आहे त्यातलं काहीच चालणार नाही." हे मला मारल्यासारखं लागलं. इतकी वर्षं जे जवळचं तेच मी किल्ली म्हणून वापरलं, आणि आता जवळचं असणं हाच त्याचा दोष झाला होता. शेवटी माझा शब्दकोश घेतला. डोळे मिटून पानं उघडायची, बोट पडेल तो शब्द घ्यायचा. आले ते शब्द एकमेकांशी काही संबंध नसलेले, रुक्ष. त्यातला एक तर मी आयुष्यात कधी वापरला नव्हता. ते ओळीने म्हणायला शिकले. एसटीत बसून मनात म्हणायचे आणि मधेच ओठ हलतायत का ते खिडकीच्या काचेत बघायचे. आणीबाणीसाठी त्याची एक प्रत ठेवावी लागते. ती कुठे ठेवली ते इथे लिहीत नाही.

मग एकेक खातं. मला वाटलं होतं पाच-सात असतील. संपेचनात. मी विसरलेली खाती मुलगी शोधून काढत होती. एका पाककृतींच्या साइटवर मी कधीकाळी नाव नोंदवलं होतं. एका नोकरीच्या साइटवरही नोंदवलं होतं, ते नवऱ्यालाही माहीत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी जुना पासवर्ड शेवटचा टाकायचा, मग ॲपने दिलेला नवा. म्हणजे प्रत्येक ठिकाणी वडिलांचं ते नाव मीच माझ्या हाताने पुसत होते. सुरुवातीला दरवेळी हात थांबायचा. नंतर त्याचाच राग यायला लागला, कारण टाईप करताना वाटायचं, हे त्यानेही टाईप केलं आहे, त्याच्या बोटांनी.

ईमेलच्या खात्याशी आलो तेव्हा अडचणीच्या वेळेसाठी कोणाचा नंबर ठेवायचा ते विचारलं गेलं. मुलगी म्हणाली, "माझा काढून टाक."

"का?"

"काढ म्हटलं ना."

मी तिच्याकडे बघितलं. त्या शनिवारपासून ती त्या नंबरबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. सगळं सांगायची, आवाज कसा होता, बस कुठे थांबली, पण नंबर वाचून दाखवला त्या जागी आली की पुढचं पान उलटायची. जेवण कमी झालं होतं. मी ते परीक्षेवर ढकललं होतं.

"तू दिलास म्हणून हे झालं असं वाटतं तुला?"

तिने मान वर केली नाही. "त्याने शाब्बास म्हटलं मला," ती म्हणाली. "मला बरं वाटलं होतं ते ऐकून."

स्वयंपाकघरातून आई ऐकत होती. दिवाळीला ती आमच्याकडेच होती. ती हात पुसत बाहेर आली आणि नातीच्या शेजारी टेकली. "मी रिक्षात बसल्यावर भिमबाबाला सांगत व्हते, माझा घर घे, शेत घे, पन पोरीला ठेव. आनि तू नुसता नंबर दिलास. त्यात काय गेला गो?"

"आजी, तसं नसतं ते."

"तसाच असता. आयशीसाठी इचारला त्यानं. दुसऱ्या कुनासाठी इचारला असता तर दिला असतास का?"

मुलगी आजीच्या खांद्याला टेकली. मी तिचाच नंबर पुन्हा लिहिला. तिने बघितलं आणि काढ म्हणाली नाही. त्या दिवशी पुढची खाती आम्ही बाजूला ठेवली.

तो माणूस सापडला नाही. कुठल्या गावचा, एकटा की टोळी, काही कळलं नाही. पोलिसांनी दोनदा बोलावलं, मग बोलावणं बंद झालं. मुलगी सुट्टी संपल्यावर पुण्याला गेली, पण अनोळखी नंबर ती अजूनही उचलत नाही. कॉलेजच्या ऑफिसने केलेले फोनही त्यामुळे राहून जातात. नवऱ्याने आपले पासवर्ड बदलायला उन्हाळा उजाडावा लागला. मला अजून कधी कधी सकाळी कुलपाचे शब्द आठवत नाहीत. एखादा क्षणच, पण त्या क्षणात सगळं परत येतं, घाटातलं वळण, पर्समधली थरथर. मग पहिला शब्द येतो, त्यामागे दुसरा.

परवा स्टाफरूममध्ये निकालाची माहिती भरायची होती. नव्याने लागलेल्या एक तरुण शिक्षिका कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा पासवर्ड सांगा, मीच टाकते. कशाला उठता?"

माझं काय झालं आणि मी आता ॲप वापरते हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं, तरी आमच्याकडे हे असंच चालत आलेलं आहे. वर्षभरापूर्वी मीही बसल्या जागेवरून सांगितला असता.

"नको," मी म्हटलं. "मी येते. आणि तुम्ही जरा तिकडे बघा."

बोलून झाल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्या वाईट वाटून घेतील असं वाटलं. त्यांनी खुर्ची रिकामी केली आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. माझं होईपर्यंत त्या मैदानातल्या मुलांना बघत होत्या. मग तशाच पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, ते ॲप कसं घ्यायचं ते मलाही सांगाल का?"